मानवी मूल्यांचे शास्त्र व त्याचे उपयोजन

‘मूल्य’ या शब्दाचा मूळ अर्थ किंमत. वस्तूची किंमत बाजारात ठरते. परंतु माणसाची, कृतीची वा नियमाची योग्यता कशावरून ठरवावी, या प्रश्नाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेस मूल्यशास्त्र म्हणतात. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन इत्यादी दहा मूल्ये विद्यार्थ्यांना परिपाठातून परिचित आहेत. यादी लवकर पाठ होते. तथापि दोन मूल्यांत विरोध उत्पन्न झाल्यास कोणते श्रेष्ठ मानावे, हे यादी सांगत नाही. तेथे शास्त्राचे प्रयोजन सुरू होते.

या शास्त्रास तर्काची काटेकोर बैठक देण्याचा प्रयत्न रॉबर्ट हार्टमन (१९१०-१९७३) यांनी केला. त्यांचा जन्म बर्लिनचा. हिटलरच्या उदयामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली. दुष्टावा जर इतक्या संघटितपणे राबविता येतो, तर चांगुलपणाची तशीच शिस्तबद्ध मांडणी का करता येऊ नये, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. त्यांचे सूत्र साधे आहे: जी वस्तू आपल्या संकल्पनेत अभिप्रेत असलेले गुण पूर्णपणे धारण करते, ती चांगली. या सूत्रावरून त्यांनी मूल्याचे तीन स्तर मांडले. पहिला नियमांचा व आकड्यांचा. येथे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. दुसरा उपयुक्ततेचा, येथे तुलना होते, कमी-अधिक ठरते. तिसरा आंतरिक मूल्याचा. येथे प्रत्येक व्यक्ती एकमेव असते आणि तुलनाच संभवत नाही. हा तिसरा स्तर सर्वांत श्रेष्ठ.

आता हे सूत्र आपल्या परिसरास लावून पाहू. गोदाकाठच्या आपल्या मुलखात ऊसही पिकतो आणि ऊसतोडीसाठी कुटुंबेही घराबाहेर पडतात. या व्यवहारात पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, उचल त्या कोयत्यावर दिली जाते आणि एकट्या मजुरास ‘अर्धा कोयता’ म्हणतात. दोन माणसे शब्दांतून नाहीशी होतात व हातातील अवजार तेवढे शिल्लक राहते. पत्नीच्या श्रमाचा स्वतंत्र हिशेब त्यात सहसा दिसत नाही. तोडलेल्या उसाचे वजन अचूक असू शकेल, हिशेबही चोख असू शकेल. तरीही तिसऱ्या स्तरावरील मूल्य पहिल्या दोन स्तरांत कोंबले गेले, हा मूल्यदोष उरतोच.

जातिव्यवस्था हे याच दोषाचे सर्वांत जुने व निर्दय रूप होय. तेथे व्यक्तीचे गुण पाहण्यापूर्वीच तिची गणना होऊन गेलेली असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात दाखवून दिले, की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. संविधानाच्या उद्देशिकेत बंधुतेसोबत व्यक्तीची प्रतिष्ठा येते, ती या विचाराच्या प्रकाशात वाचावी.

यावरून नियम हे हीन, असा निष्कर्ष कोणी काढू नये. विनयपिटकातील उपालीची कथा येथे उद्बोधक आहे. उपाली शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद आदी शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी भगवंतांकडे आले, तेव्हा त्यांनीच विनंती केली, की उपालीस प्रथम दीक्षा द्यावी, म्हणजे आमचा कुलाभिमान गळेल. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरत असे; म्हणून राजकुलातील तरुणांस आपल्या पूर्वीच्या सेवकास वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या प्रथम संगीतीत विनयाचे संगायन उपालींच्या मुखातून झाले. क्रमांक हा येथेही क्रमांकच आहे; मात्र तो माणसाचे आंतरिक मूल्य झाकीत नाही, उघड करतो.

निवासी शाळेच्या दैनंदिन कामात हीच कसोटी लावता येते. समजा, आई-वडिलांसोबत फडावर गेलेली एक मुलगी हंगाम संपल्यावर शाळेत आली. हजेरीपट म्हणेल, उपस्थिती अपुरी. गुणपत्रक म्हणेल, वर्गाच्या मागे. दोन्ही विधाने खरी आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ नुसार मात्र अशा बालकास वयानुरूप वर्गात प्रवेश व इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा अधिकार आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी या उदाहरणातील तीनही स्तर वेगळे करून लिहावेत, आणि त्या मुलीस पहिल्या दिवशी वर्गात कोणत्या शब्दांनी बोलवावे, तेही लिहावे.