शेजपाळी आणि शेजारधर्म : गोदावरी खोऱ्याचा धडा

बालाघाटच्या डोंगररांगेत पाटोदा तालुक्यात उगम पावणारी सिंदफणा नदी माजलगाव तालुक्यातील मंजरथ येथे गोदावरीला मिळते. या संगमाशी गोदावरीचे जे पाणी पोहोचते, ते नाशिक, अहिल्यानगर व पैठणकडील गरजा भागवून उरलेले असते. येथून जे पुढे जाते, त्याची वाट परभणी व नांदेड हे जिल्हे आणि त्यांच्या पलीकडे तेलंगण राज्य पाहत असते. माजलगाव हे अशा रीतीने एका शेजाऱ्याच्या खालचे आणि दुसऱ्या शेजाऱ्याच्या वरचे गाव आहे. वरच्याने पाणी अडविले की होणारी चिंता आणि खालच्याने हक्क सांगितला की वाटणारी नाराजी, या दोन्ही भावना या तालुक्याला परिचित आहेत.

शेजारी राष्ट्रांचे सहकार्य हा दूरच्या राजधान्यांत चालणारा विषय आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्याची मूलतत्त्वे कालव्याच्या चारीवरही पाहावयास मिळतात. महाराष्ट्रातील कालव्यांवर पाणी देण्याची जी रीत रूढ आहे, तिला 'शेजपाळी' म्हणतात. शेतकरी सात नंबरच्या नमुन्यावर पाणी मागणीचा अर्ज करतात. मंजूर क्षेत्राची यादी होते. पाळीच्या तारखा आधी जाहीर होतात. आणि चारीच्या शेवटच्या टोकापासून आरंभ करून पाणी क्रमाने वरच्या शेतांना द्यावयाचे असते. पाणी ज्याच्या शेतावरून प्रथम वाहते, त्याला ते केव्हाही घेता येते. म्हणून टोकाच्या शेताचा हक्क आधी राखावयाचा, हे या रीतीमागील तत्त्व होय. ही व्यवस्था जेथे नीट चालते तेथे तंटे कमी होतात. जेथे यादी, तारीख किंवा मोजमाप यांपैकी एक जरी ढिले पडते, तेथे रात्री दारे उघडली जातात आणि सकाळी भांडणे उभी राहतात. गोदावरी खोऱ्यातील राज्ये आणि दक्षिण आशियातील राष्ट्रे यांचा अनुभव याहून फारसा वेगळा नाही.

एका प्रकल्पाचे दोन जलाशय

जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातील एका गावाचे आहे. हैदराबाद संस्थानच्या काळात गोदावरीवरील धरणाची जी कल्पना पुढे आली, ती या गावाजवळच्या जागेची होती. पुढे लांब कालवे काढता यावेत म्हणून वरच्या बाजूची पैठणची जागा निवडण्यात आली; नाव मात्र कायम राहिले. पैठण धरणाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या नाथसागर जलाशयाची एकूण क्षमता सुमारे १०२ अब्ज घनफूट, तर उपयुक्त साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट आहे. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटरचा प्रवास करून माजलगावच्या जलाशयास मिळतो. सिंदफणेवरील हे माजलगाव धरण म्हणजे जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा असून त्याचे काम १९८७ मध्ये पूर्ण झाले.

माजलगावच्या जलाशयात त्यामुळे सिंदफणेचे स्वतःचे पाणी आणि पैठणहून येणारे पाणी असे दोन प्रवाह एकत्र येतात. बीड शहराचे पिण्याचे पाणी आणि बीड व परभणी जिल्ह्यांतील शेतांचे सिंचन यांवर अवलंबून आहे. पैठणला पाणी कमी आले, तर त्याचा परिणाम माजलगावला भोगावा लागतो. २०१३ च्या आरंभी परळी येथील औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते आणि २०१५ मध्येही तीच वेळ आली. नदीच्या वरच्या अंगाला घेतलेल्या निर्णयाची झळ खालच्या अंगाला किती दूरवर पोहोचू शकते, याची कल्पना अशा वर्षांत येते.

सीमा बदलल्या, नदी तीच

गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर आणि खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटर असून त्याचा निम्म्याच्या जवळपास भाग महाराष्ट्रात आहे. १९४८ पूर्वी या नदीवर दोन भिन्न सत्तांचा अंमल होता. नाशिक व अहमदनगरकडील भाग मुंबई प्रांतात, तर पैठणपासून नांदेडपर्यंतचा भाग निजामाच्या राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर जुलै १९५१ मध्ये नियोजन आयोगाच्या पुढाकाराने कृष्णा व गोदावरी यांच्या पाण्याची वाटणी करण्यासाठी बैठक झाली. परंतु म्हैसूर राज्याने त्या वाटणीला मान्यता दिली नाही आणि ओरिसाचा तर त्या बैठकीत सहभागच नव्हता. त्यातच १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने सीमाच बदलल्या आणि जुन्या वाटणीचा पाया डळमळला. ज्या शेजाऱ्याला यादीत घेतलेले नाही, त्याच्यावर पाळी बंधनकारक ठरत नाही, हा या घटनेचा बोध होय.

आंतरराज्य जलविवाद अधिनियम, १९५६ अन्वये एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बछावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी जलविवाद लवाद नेमण्यात आला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा आणि कर्नाटक अशी पाच राज्ये लवादापुढे होती. विशेष हे की लवादाचे काम चालू असतानाच या राज्यांनी परस्परांशी बोलणी करून करार केले आणि १९८० च्या अंतिम निवाड्यात लवादाने त्या करारांना स्थान दिले. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात झालेला करार माजलगावच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पैठण धरणापर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पूर्णेचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. या दोन धरणांच्या व मांजरेवरील निजामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या क्षेत्रात पूर्वी मंजूर झालेल्या वापराव्यतिरिक्त नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांची मर्यादा पाळावी, असे त्यात ठरले. सिंदफणेचे खोरे याच क्षेत्रात येते.

या करारात दोन्ही बाजूंना काही मिळाले आणि दोन्ही बाजूंनी काही सोडले. वरच्या राज्याला ठराविक जागेपर्यंत मोकळीक मिळाली, खालच्या राज्याला त्या जागेखालच्या नव्या वापराची कमाल मर्यादा कळली. सदिच्छेचे शब्द बाजूला ठेवून धरणाच्या जागेचे नाव आणि पाण्याचा आकडा लिहिला गेला, म्हणून पुढील तंट्यांत वाद घालण्यास निश्चित आधार राहिला.

बाभळीचा प्रश्न

असा आधार असूनही मतभेद होतात. नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधारा हे त्याचे उदाहरण होय. पोचमपाड म्हणजेच श्रीरामसागर जलाशयाचा फुगवटा महाराष्ट्रात येतो आणि बाभळीचा बंधारा त्या फुगवट्याच्या क्षेत्रातच आहे. आपल्या जलाशयातील पाणी अडविले जाईल, अशी आंध्र प्रदेशाची हरकत होती आणि २००६ मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेला निर्णय शेजपाळीच्या तत्त्वाशी जुळणारा आहे. बंधाऱ्याचा साठा २.७४ अब्ज घनफूट ठेवण्यास महाराष्ट्राला मुभा मिळाली. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या पावसाळी काळात दरवाजे उघडे ठेवून नैसर्गिक प्रवाहास अडथळा करावयाचा नाही, आणि दरवर्षी १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावयाचे, असे बंधन आले. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी आणि दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी अशी त्रिसदस्य समिती नेमण्यात आली. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. शेजाऱ्याचे नाव बदलले, तारखा त्याच राहिल्या.

राज्याच्या अंतर्गतही हाच प्रश्न आहे. वरच्या धरणांतून पैठणसाठी पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वारंवार वाद झाले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने त्याला आकडा मिळाला. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार व्हावा, असे त्यात ठरविण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. एकाच राज्यातील, एकच भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांनाही तारीख आणि टक्केवारी लागते, तर स्वतंत्र राष्ट्रांना ती किती लागत असेल, हे यावरून ध्यानी यावे.

राष्ट्रांमधील पाळ्या

दक्षिण आशियातील नद्यांकडे या दृष्टीने पाहता येते. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे जागतिक बँकेच्या मध्यस्थीने सिंधू जलकरार झाला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि अध्यक्ष अयुब खान यांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. रावी, बियास व सतलज या पूर्वेकडील नद्या भारताकडे, तर सिंधू, झेलम व चिनाब या पश्चिमेकडील नद्या काही ठरीव वापर वगळता पाकिस्तानकडे गेल्या. पाणी वाटून घेण्याऐवजी नद्याच वाटून घेण्यात आल्या. दोन्ही देशांचे आयुक्त असलेला कायम सिंधू आयोग नेमला गेला. १९६५ व १९७१ ची युद्धे आणि १९९९ चा कारगिल संघर्ष होऊनही हा करार टिकला. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी मात्र भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. उत्तम रीतीने लिहिलेला करारही शेजाऱ्यांमधील किमान शांततेवाचून अखंड चालू शकत नाही, हे यातून दिसते.

गंगेचा करार निराळ्या जातीचा आहे. १९७५ मध्ये फराक्का धरण सुरू झाल्यावर भारत आणि बांगलादेश यांच्यात उन्हाळी पाण्याचा वाद तीव्र झाला. १९७७ चा करार पाच वर्षांचा होता. १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षे मुदतीचा करार झाला. १ जानेवारी ते ३१ मे हा काळ दहा-दहा दिवसांच्या खंडांत विभागण्यात आला. फराक्का येथील प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मी-निम्मी वाटणी. ७० ते ७५ हजारांपर्यंत बांगलादेशला ३५ हजार व उरलेले भारताला. त्याहून अधिक असल्यास भारताला ४० हजार व उरलेले बांगलादेशला, असे सूत्र आहे. ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या काळात दहा दिवसांच्या एकाआड एक खंडांत प्रत्येक देशाला ३५ हजार क्युसेकची हमी आहे. ही एका अर्थी दोन राष्ट्रांची शेजपाळीच होय. मोजमाप एकट्या देशावर न सोपविता संयुक्त पथकांकडे देण्यात आले, हा या कराराचा मोठा आधार आहे.

तिस्ता नदीचा अनुभव याच्या उलट आहे. २०११ मध्ये त्या नदीच्या कराराचा मसुदा तयार होता. पश्चिम बंगाल राज्याच्या हरकतीमुळे त्यावर सह्या होऊ शकल्या नाहीत. परराष्ट्र संबंध हा केंद्राचा विषय असला, तरी पाणी वापरणारी जनता राज्यात आणि जिल्ह्यात राहते. तिची संमती आधी मिळविली नाही, तर राजधानीतील मसुदा कागदावरच राहतो. नेपाळबरोबरच्या १९५४ च्या कोसी करारात आपल्या हिताकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, अशी तेथील जनतेची भावना झाली आणि १९६६ मध्ये करारात दुरुस्ती करावी लागली. भूतानमध्ये याउलट, १९७४ च्या करारानुसार भारताच्या साहाय्याने ३३६ मेगावॅटचा चुखा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला आणि तेथील जादा वीज भारताने विकत घेतली. त्यात लहान शेजाऱ्याला उत्पन्न आणि मोठ्या शेजाऱ्याला वीज मिळाली.

८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे सात राष्ट्रांनी सार्क संघटना स्थापन केली. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवे सदस्य झाले. द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेस घ्यावयाचे नाहीत, असा नियम तिच्या सनदेतच आहे. त्यामुळे नद्यांचे प्रश्न त्या व्यासपीठावर येऊ शकले नाहीत. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तिची शिखर परिषदही भरलेली नाही. ज्या बैठकीत खरा तंटा मांडता येत नाही, ती बैठक शेजाऱ्यांना फार काळ एकत्र ठेवू शकत नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

या सर्व अनुभवांतून चार गोष्टी स्पष्ट होतात. करारात प्रत्येक शेजाऱ्याचे नाव असावे. पाण्याचा आकडा आणि देण्याची तारीख लिहिलेली असावी. मोजमाप दोघांनी मिळून करावे. आणि तंटा झाल्यास तो मांडण्यासाठी ठरलेली जागा असावी. यांतील एकही गोष्ट अशी नाही, जी पंचायतीच्या किंवा पाणीवापर संस्थेच्या आवाक्याबाहेर आहे. पाळीचा कार्यक्रम चावडीवर लावणे, चारीच्या टोकाच्या शेतकऱ्याला बैठकीस बोलाविणे आणि सोडलेल्या पाण्याची नोंद सर्वांसमक्ष करणे, ही कामे ग्रामपंचायत सदस्य व कालवा कर्मचारी यांनी मिळून करावयाची आहेत. शिक्षकांनाही भूगोलाच्या तासाला गोदावरीच्या नकाशावर पैठण, माजलगाव, बाभळी आणि पोचमपाड ही ठिकाणे क्रमाने दाखविता येतील. कोणते गाव कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली आहे, हे विद्यार्थ्याने एकदा स्वतः शोधले, म्हणजे फराक्का आणि सिंधू यांचे प्रश्न त्याला परके वाटणार नाहीत.

नदीच्या काठी राहणाऱ्याला शेजारी निवडता येत नाही. त्याच्याशी कसे वागावयाचे, एवढेच ठरविता येते. मंजरथच्या संगमावरून पुढे जाणारे पाणी नांदेड ओलांडून परराज्यात शिरते. आपल्या टोकाच्या शेतापर्यंत पाळी पोहोचविणाऱ्या गावालाच वरच्या शेजाऱ्याकडे आपली पाळी हक्काने मागता येते.