येळवशीला बांधावर एक वही

तुमच्या लेकराची चित्रकलेची वही एकदा उघडून बघा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, शेजारी नारळ. मन्याडकाठच्या आपल्या शिवारात कुणाच्या बांधावर नारळ आहे, सांगा बरं? लेकराचा दोष नाही. तो नारळ फळ्यावर आम्हीच काढून दिलाय.

मी चित्रकला शिकवते, म्हणून आधी माझंच सांगते. एका मुलीनं काट्याला टोचलेला नाकतोडा काढला होता. "हे काय घाण काढलंस?" म्हणत मी तो खोडायला लावला. पुढं एका बोरीच्या कुंपणाशी तस्संच दिसलं. खाटीक पक्षी भक्ष्य काट्याला अडकवून ठेवतो. पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं काढलं होतं. एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्र असतं. पण आठवायला आधी बघितलेलं तर पाहिजे!

येळवस येतेय. कोपीतली पूजा, भज्जी-आंबील झाली की मोठी माणसं आडवी होतात. तेवढा वेळ लेकरांना वही-पेन्सिल घेऊन बांधावर बसू द्या. बाभळीला सुगरणीचे रिकामे खोपे लोंबत असतात. नाव सुगरण, पण विणतो नर. खोपा अर्धा झाला की मादी येऊन बघते. पसंत पडला तरच पुढचं काम. (आपल्याकडं घर बांधताना बाईला कोण विचारतं म्हणा.) झाडावरचा खोपा तोडू नका, खाली पडलेला घ्या. एक पाती दुसरीत कशी ओवलीय, ते बोटानं चाचपू द्या, मग पेन्सिल हातात.

रंगही तिथंच आहेत. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवायचा, वस्त्रगाळ काळी माती नाहीतर चुलीतला कोळसा त्यात खलायचा. वाळल्यावर सहसा झडत नाही. दुकानातल्या जलरंगातही डिंक असतो, बाभळीच्याच भाऊबंदांचा.

रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका. गुंजा चित्रावर चिकटवू द्या, पण मोजून द्या आणि मोजून घ्या. चावलेली गुंज जीव घेऊ शकते. झुडपात हात घालायचा नाही, हे तर तुम्ही सांगालच.

तुमचा बांध कोरून कोरून वीतभर उरला असेल, नाहीतर तारेचं कुंपण आलं असेल, तर मामाच्या शेतात न्या.

आणि चित्र दाखवायला आलं की नुसतं "छान" म्हणू नका. विचारा, "हा सरडा बघत कुणीकडं होता रे?" गडबडलं तर बांधाकडं पळेल. पळू द्या.