आठवणीचे घर

मानोरा तालुक्यातील एखादा मुलगा शिक्षणासाठी प्रथमच वाशिमला राहावयास येतो. पहिल्या दिवशी बालाजीच्या देवळाची वाट त्याला चार जणांना विचारावी लागते. आठ दिवसांनी मात्र तो कोणासही विचारीत नाही. रस्त्यावर गर्दी असल्यास कोणत्या गल्लीने जावे, हेही तो स्वतःच ठरवितो. निर्णय घेण्यास आठवण लागते. ही आठवण मेंदूत कोठे तयार होते?

ह्या प्रश्नावर एका रुग्णामुळे मोठा प्रकाश पडला. हेन्री मोलेसन हा अमेरिकेतील तरुण अपस्माराने जर्जर झाला होता. १९५३ साली शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढण्यात आला. झटके कमी झाले. परंतु तेव्हापासून नवी आठवण त्याच्या मनात टिकेना. नुकत्याच भेटून गेलेल्या माणसासही तो ओळखीत नसे. पुढे मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर ह्यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरविण्यास सांगितले. दिवसेंदिवस त्याचा हात सफाईदार होत गेला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला मुळीच आठवेना! हाताला वळण लागणे आणि घडलेली गोष्ट ध्यानात राहणे, ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत, हे त्यावरून दिसून आले.

काढलेल्या भागात समुद्रघोड्यासारखा वळलेला एक अवयव होता. त्यास ‘हिप्पोकॅम्पस’ म्हणतात. वृद्धापकाळी स्मृती हिरावून घेणाऱ्या अल्झायमर रोगात हाच भाग लवकर झिजू लागतो. म्हणून त्याची घडण समजून घेणे मोलाचे आहे. ते काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे ह्यांनी केले. मुंबईत पदवी घेऊन त्या पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि १९९९ साली ह्या संस्थेत रुजू झाल्या.

भ्रूणाच्या मेंदूला लुगड्यासारखा एक काठ असतो. शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस होण्याचा संदेश हा काठच देतो काय? टोळे व त्यांचे सहकारी ह्यांनी उंदराच्या भ्रूणात ठिकठिकाणच्या पेशींमधून ‘एलएचएक्स-२’ हे जनुक नाहीसे केले. त्या पेशींचा काठ बनला आणि त्या नव्या काठांशेजारी नवे हिप्पोकॅम्पस घडू लागले! ही हकीकत २००८ साली प्रसिद्ध झाली. मात्र हेच जनुक उशिरा नाहीसे केले, तर असे घडत नाही. पेशीने काय व्हावे, ह्याची वेळ ठरलेली असते. ती टळली, की निर्णय फिरत नाही.

पेशीला असे वेळेचे बंधन आहे. शिकणाऱ्या मनुष्याला मात्र ते नाही. घडून झालेला मेंदूही जन्मभर शिकत राहतो. आपण एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, तेव्हा मेंदूतील पेशींचे परस्परांशी असलेले जोड बळकट होत जातात. आठवणीचे घर आपणांस जन्मापूर्वीच बांधून मिळते; त्यात काय साठवावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

स्वाध्याय
१. हेन्री मोलेसन कोणती गोष्ट शिकू शकला व कोणती नाही?
२. काठाच्या प्रयोगावरून काय सिद्ध झाले?
३. तुम्ही सरावाने शिकलेल्या एखाद्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.