माती धरते आणि सोडतेही

गावाचे सांडपाणी तळ्यात जाणे बंद झाले की तळे लवकरच स्वच्छ होईल, अशी ग्रामस्थांची अपेक्षा असते. परंतु पुढील काही वर्षे पाणी हिरवेच राहिल्याचा अनुभव अनेक ठिकाणी येतो. अशा वेळी खर्च वाया गेला, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. याचे कारण बहुधा तळाच्या गाळात सापडते.

माती ही पाण्यातील रसायने आपल्या कणांवर धरून ठेवते. इंग्लंडमधील कृषिरसायनतज्ज्ञ जॉन टॉमस वे यांनी १८५० मध्ये हे प्रयोगाने दाखविले. अमोनियाच्या क्षारांचे द्रावण मातीतून झिरपू दिले असता अमोनिया मातीत राहिला आणि त्याच्या बदल्यात मातीतील चुना पाण्याबरोबर बाहेर पडला.

या देवघेवीचा हिशेब मांडता येतो. एक किलो मातीने धरलेले रसायन आणि एक लिटर पाण्यात उरलेले रसायन यांच्या गुणोत्तरास वितरण गुणांक म्हणतात. तो १० असेल, तर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम रसायन असताना मातीत किलोमागे १० मिलिग्रॅम असते. पाणी स्वच्छ होऊ लागले की माती आपला साठा पाण्यात सोडू लागते. अर्थात, हे गणित ढोबळ आहे. कणांवरील जागा मर्यादित असते व रसायन सुटण्याची क्रिया पुष्कळदा चिकटण्याहून मंद असते.

प्रत्येक रसायनाचा स्वभावही वेगळा असतो. नायट्रेट मातीत फारसे टिकत नाही. ते झिरपून विहिरीत उतरते. फॉस्फेट मात्र लोहाच्या संयुगांना घट्ट चिकटते. तळाशी प्राणवायू संपला की या संयुगांचे रूप पालटते व फॉस्फेट पुन्हा पाण्यात येते. त्यावर शेवाळ पोसले जाते.

म्हणून सांडपाणी रोखल्यानंतर गाळाचाही विचार व्हावयास हवा. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. तळ्यात उपद्रवी ठरणारे फॉस्फेट शेतात पिकांचे अन्न ठरते. मात्र ज्या तळ्यात कारखान्याचे पाणी येत असेल, तेथील गाळात जड धातूही साठलेले असू शकतात. असा गाळ शिवारात पसरण्यापूर्वी ग्रामपंचायतीने त्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.