सतरंजीखाली गेलेले नऊ दिवस

“दुरुस्ती केली म्हणता, पण माझ्याकडे ‘आशीर्वाद’ला अजून पहिलीच वेलांटी आहे.”

आतल्या खोलीतून मुद्रितशोधक काका तिसऱ्यांदा सांगत होते. माझ्या पडद्यावर वेलांटी दुसरी होती, ठसठशीत. मी म्हटलं, “काका, फाइल बंद करून परत उघडा.” काकांनी उघडली. पहिलीच. मग मी थोड्या तोऱ्यात म्हणालो, “तुमच्या विंडोजचं काहीतरी असेल.” हे वाक्य मला पुढे दोन रात्री पुरलं.

गणपती उठले की आमच्या छोट्याशा कचेरीत दिवाळी अंकाची घाई सुरू होते. दसऱ्याच्या आत मजकूर छापखान्यात गेला पाहिजे. लेख टाइप करणं, काकांनी तपासणं, मी दुरुस्त करणं हा सगळा व्यवहार एका सामायिक फोल्डरमधून चालतो. तो फोल्डर राउटरशेजारच्या दोन हार्ड डिस्कच्या स्टोरेज यंत्रावर आहे. आम्ही त्याला ‘डबा’ म्हणतो. काकांच्या विंडोजवर तो ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून दिसतो, माझ्या उबंटू लिनक्सवर ‘अंक’ नावाचा फोल्डर म्हणून.

रोज सकाळी हाताने जोडायचा कंटाळा आला, म्हणून मी तो आपोआप जोडला जाईल अशी सोय केली. लिनक्समध्ये त्यासाठी एफएसटॅब नावाची साधी मजकुराची फाइल असते. काय जोडायचं, कुठे, कोणत्या पद्धतीने, कोणत्या अटींवर हे सारं सहा रकान्यांच्या एका ओळीत लिहायचं. मी ओळ लिहिली, संगणक पुन्हा सुरू केला, फोल्डर हजर. वर्षभर तिकडे पाहिलंही नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. डब्यातला फोल्डर जोडायला आपल्याच डिस्कवर एक रिकामा फोल्डर लागतो. जोडणी म्हणजे त्या फरशीवर अंथरलेली सतरंजी. अंथरलेली असेल तर आपण सतरंजीवर बसतो, नसेल तर फरशीवर. पण फोल्डरचं नाव आणि जागा दोन्ही वेळी तीच. नुसतं बघून आपण कशावर बसलोय ते कळत नाही.

एका दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी पावसाळ्याआधीच मेली होती. लाईट आली तसे संगणक, राउटर आणि डबा एकदमच सुरू झाले. माझा संगणक अर्ध्या मिनिटात उभा राहतो, डब्याला तीन-चार मिनिटं लागतात. संगणकाने सुरू होताना डब्याला एकदा हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा तो मुकाट्याने पुढे गेला. चूक झाल्याची नोंद त्याच्या लॉगमध्ये होती, पण लॉग वाचतो कोण? त्यातून मी रात्री संगणक बंद न करता नुसता झोपवतो. त्यामुळे पुढचे नऊ दिवस जोडणीचा दुसरा प्रयत्न झालाच नाही.

रिकामा फोल्डर पाहून शंका यायला हवी होती. पण चालू लेखांच्या फाइली संपादकात आधीच्या यादीतून उघडायची मला सवय. त्या उघडेनात, तेव्हा लाईट गेल्याने काहीतरी बिघडलं असं समजून मी ईमेलमधून मूळ प्रती काढल्या आणि त्याच जागी सेव्ह केल्या. खरं तर संगणकाने तिथेच मला अडवायला हवं होतं. पण तो रिकामा फोल्डर संगणकाच्या व्यवस्थापक खात्याच्या मालकीचा होता आणि परवानगीची कटकट नको म्हणून मीच तो माझ्या नावावर करून घेतला होता. कुलूप होतं, ते मी काढलं होतं. दुपारचा बॅकअपही त्याच जागेत जायचा. रोज ‘यशस्वी’ असा संदेश यायचा. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच डिस्कवर!

काकांच्या वेलांटीने वैतागून मी शेवटी संगणक बंद करून चालू केला. आता डबा जागा होता, सतरंजी नीट अंथरली गेली. फोल्डर उघडला तर माझ्या हातची शेवटची दुरुस्ती नऊ दिवसांपूर्वीची. चौदा लेखांच्या दुरुस्त्या गायब. हात गार पडले. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, कशालाही हात लावू नकोस. काही सेव्ह करू नकोस. जोडणी सोडव आणि त्याच फोल्डरमध्ये बघ.” सोडवली. सगळं फरशीवर पडलेलं होतं, जसंच्या तसं.

काही हरवलं नाही, पण सुटकाही झाली नाही. तेवढ्या दिवसांत काका डब्यातल्या जुन्या प्रतींवर आपल्या दुरुस्त्या करत होते. लिब्रेऑफिस दोन प्रतींतला फरक दाखवतं, पण कुठली वेलांटी ठेवायची ते माणसालाच ठरवावं लागतं. दोन रात्री आम्ही दोघं समोरासमोर बसलो. काका एकदाही ‘तुमच्या लिनक्सचं काहीतरी असेल’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी जे बदललं ते सांगतो.

एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय घातला. आता जोडणी संगणक सुरू होताना होत नाही, त्या फोल्डरला पहिल्यांदा हात लावताना होते. डबा झोपलेला असेल तर चूक झाल्याचा संदेश येतो, फरशी पुढे येत नाही. सोबत ‘नोफेल’ ठेवलं, म्हणजे डबा नाही म्हणून संगणकाचं सुरू होणं अडत नाही. ओळ बदलल्यावर आधी ‘माउंट’ आज्ञेने तपासावी, मगच संगणक पुन्हा सुरू करावा.

दुसरं, जोडणी सोडवून रिकाम्या फोल्डरची मालकी परत व्यवस्थापकाला दिली आणि ‘चॅटर’ आज्ञेने त्यावर बदलबंदीची खूण मारली. आता सतरंजी नसताना फरशीवर कोणालाच काही ठेवता येत नाही, व्यवस्थापकालाही नाही. एवढं एकच केलं असतं तरी ते नऊ दिवस वाचले असते.

तिसरं, बॅकअपच्या स्क्रिप्टची पहिली ओळ आता जोडणी खरोखर झाली आहे का ते विचारते. नसेल तर बॅकअप थांबतो आणि तसं मला कळवतो.

चौथं, राउटरमध्ये डब्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला. पत्ता बदलला की आपोआप जोडणी तुटते आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो. पासवर्डही एफएसटॅबमधून काढला, कारण ती फाइल संगणकावरचा कोणीही वाचू शकतो. तो आता फक्त व्यवस्थापकाला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये आहे.

विंडोजवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथे जोडणी तुटली की ड्राइव्हवर लाल फुली येते, हे त्यातल्या त्यात बरं. पण ‘झेड’सारखं अक्षर त्या त्या वापरकर्त्यापुरतं असतं. वेळापत्रकावर चालणारं काम दुसऱ्या खात्यातून चालत असेल तर त्याला ते अक्षर दिसतच नाही. अशा कामाला अक्षर न देता डब्याच्या नावाने सुरू होणारा पूर्ण मार्ग द्यावा.

शेवटची गोष्ट सगळ्यांसाठी. जो फोल्डर तुम्हाला आपोआप जोडून मिळतो, तो तुमच्या संगणकात शिरलेल्या खंडणीखोर व्हायरसलाही आपोआपच मिळतो. 12 मे 2017 ला जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. म्हणून बॅकअपची एक प्रत तरी कशालाच जोडलेली नसावी. आमची शनिवारी काकांच्या पिशवीतून घरी जाते.

आज एक करून बघा. तुमचा डबा बंद ठेवा, संगणक सुरू करा आणि त्या सामायिक फोल्डरमध्ये एक फाइल सेव्ह करा. चूक झाल्याचा संदेश आला तर निश्चिंत राहा. सेव्ह झाली, तर घाबरा.