कोणत्या वयाच्या मुलावर किती जबाबदारी टाकावी?

आपल्या शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांत पहाटेच घरे रिकामी होतात. कोणी आसनगावहून लोकल धरतो, कोणी मुरबाडहून कल्याणची एसटी. मागे राहते नऊ-दहा वर्षांची ताई आणि तिच्या हवाली धाकटी भावंडे. संध्याकाळी येऊन पाहावे तर दूध उतू गेलेले, अभ्यास तसाच. मग आपला हात उठतो. आम्हीही याला अपवाद नाही. पण यात मुलाचा हट्ट किती आणि वयाचा भाग किती?

सांगितलेले ध्यानात ठेवणे, मनाला आवर घालणे आणि एक वाट अडली की दुसरी शोधणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या कपाळामागच्या भागाची. हा भाग सर्वांत उशिरा, साधारण पंचविशीपर्यंत पक्का होतो.

३ ते ५ वर्षे : ही शक्ती झपाट्याने वाढते, पण खेळाच्या भरात सूचना विसरल्या जातात. एका वेळी एकच काम सांगावे. चूल, विहीर, पाण्याचा पिंप यांजवळ मोठे माणूस हवेच.

६ ते ११ वर्षे : दोन-तीन कामे क्रमाने जमतात. दप्तर भरणे, भांडी लावणे अवश्य सांगा. पण अचानक काही घडले तर काय करावे, हे या वयात सुचत नाही. म्हणून धाकट्यांचा सगळा भार ताईवर नको.

१२ ते १८ वर्षे : बुद्धी मोठ्यांसारखी चालते, पण मित्र जमले की धोका दिसत नाही. मोटारसायकल आणि पावसाळ्यातला बंधारा यांबाबत नियम आधीच ठरवावेत.

मारण्याने ही शक्ती वाढत नाही. भ्यालेल्या मुलाला तर आणखीच सुचेनासे होते. त्यापेक्षा ‘चिमणी उड, म्हैस उड’ खेळा. म्हशीला हात न उचलणे हाच मन आवरण्याचा सराव. वंदनेनंतर पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसवा. पुरेशी झोप द्या. रक्त कमी असले तरी लक्ष लागत नाही. शाळेतून आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते, ५ ते ९ वर्षांना गुलाबी, १० ते १९ वर्षांना निळी. ती चुकवू नका. मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच मागे वाटले तर शाळेतील आरोग्य तपासणीत डॉक्टरांना सांगा.

येत्या रविवारी विहारात एवढे ठरवू या : आईबाप कामावर असताना कोणत्या आळीत कोणती आजी मुलांकडे पाहील. ताईलाही तिचे बालपण मिळाले पाहिजे.