मारण्याआधी ओळखा



किडा दिसला की आपला हात चपलेकडे जातो. आमचे सांगणे एवढेच की आधी पाय मोजा. सहा पाय, दोन मिशा आणि डोके, छाती, पोट असे तीन भाग असतील तर तो कीटक. कोळ्याला आठ पाय असतात, मिशा नसतात. म्हणून तो कीटक नव्हे.

जास्वंदीच्या शेंड्यावर मावा पडला, तर तिथेच नारिंगी ठिपक्यांची काळपट, मगरीसारखी लांबट अळी दिसते का ते पाहा. ती ढालकिड्याची अळी. पुढे तिचाच लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा गोल किडा होतो. दोघेही मावा खातात. औषध फवारले तर माव्याबरोबर हे रखवालदारही मरतात.

एकाला मात्र सूट नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास काळा असतो, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणून पालकांना विनंती, दर रविवारी कूलरची टाकी आणि कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करा आणि घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

विद्यार्थ्यांनी पाच कीटकांची चित्रे वहीत काढावीत. पाय, पंख, जागा आणि तारीख लिहावी, व वही विज्ञानाच्या तासाला आणावी.